गेटवर ट्रक उभा आहे

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची चार पत्रं निघाली. त्यामुळे घटस्फोटाचा सल्ला मागणाऱ्या आणि सोसायटीच्या पार्किंगवरून भांडणाऱ्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. दोन्ही प्रकरणं तोवर जिथल्या तिथेच असतील, याची मला खात्री आहे.

प्रश्न : काकू, मी २६ वर्षांचा आहे. घणसोलीत राहतो आणि महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. परवा जेवणाच्या सुट्टीत मी एवढंच म्हणालो, की एआयचा जो धडाका चाललाय तो जरा आवरायला हवा. झालं, सगळे तुटून पडले. एक म्हणाला, बँकांत कॉम्प्युटर आले तेव्हाही अशीच बोंब मारली होती. दुसरा म्हणाला, आपण थांबलो तर चीन थांबणार आहे का? टीम लीडरने तर ‘तुझ्यासारख्यांमुळेच देश मागे राहतो’ इथपर्यंत नेलं. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. माझं चुकतंय का? तुम्ही कारखान्यात काम केलंय, म्हणून तुम्हाला विचारतो.

उत्तर : चुकत नाही. पण ‘आवरायला हवा’ एवढंच बोललास तर लोक तुटून पडणारच. कोणी आवरायचं, नेमकं काय आवरायचं आणि समोरच्याने ऐकलं नाही तर काय, हेही सांगावं लागतं.

मी कारखान्यात होते, पण प्रॉडक्शनला नव्हते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत १९७९ ते २००८, क्यू.सी.ला, म्हणजे तपासणीच्या लॅबमध्ये. सकाळी सात दहाला ठाणे स्टेशनजवळून कंपनीची बस. कळवा नाका, विटावा, दिघा करत आम्ही आठच्या आत पोचायचो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की बस अडकायची आणि इकडे गोडाऊनमधला मालही अडकायचा. कारण कच्चा माल येवो की तयार गोळ्या, त्यावर आधी पिवळं लेबल लागायचं, ‘अंडर टेस्ट’. लॅबची सही झाली की हिरवं. नापास झाला तर लाल, आणि रवानगी कुलपाच्या खोलीत. पिवळ्या लेबलाच्या ड्रमला प्रॉडक्शनच्या माणसाने हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. नियम असा होता. आता प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते.

“ताई, गेटवर ट्रक उभा आहे.”

हे वाक्य मी २९ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. ट्रक खरंच उभा असायचा. ड्रायव्हर दोन चहा पिऊन झालेला असायचा, डिस्पॅचचे कागद तयार असायचे, महिनाअखेर असायची आणि फक्त माझी सही राहिलेली असायची. कोणी धमकी देत नसे. नुसतं दारात उभं राहून माझ्या हातातल्या ब्युरेटकडे बघत बसायचे.

एका जुलैत मी ती सही केली. लॉस ऑन ड्राइंग नावाची साधी तपासणी असते. पावडर काचेच्या छोट्या बाटलीत वजन करून घ्यायची, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढा ओलावा. पण एकदा करून भागत नाही. परत ओव्हन, परत वजन, आकडा हलायचा थांबेपर्यंत. पहिला आकडा मर्यादेत होता, अगदी काठावर. दुसऱ्या वजनाला अजून दीड-दोन तास लागणार होते. दारात प्रॉडक्शनचे साहेब. मी पहिल्या आकड्यावर सही करून टाकली.

बाटली मात्र ओव्हनमध्येच राहू दिली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी येऊन वजन केलं तर आकडा मर्यादेच्या केसभर पलीकडे गेला होता. तोवर ट्रक नाशिकच्या पुढे. मी बाटली धुतली, पालथी घालून ठेवली आणि लॉगबुकात काहीही लिहिलं नाही.

आणि काही झालं नाही! एकाही डॉक्टरची तक्रार नाही, एकही पाकीट परत आलं नाही. पण त्यानंतर वर्षभर मी एखादी बॅच होल्डवर ठेवली की ते साहेब हसून विचारायचे, “ताई, मागच्या जुलैत सोडली होतीत ना? काय झालं?” माझ्याकडे उत्तर नसायचं. सुटलेली आणि निभावून गेलेली प्रत्येक बॅच त्यांच्या बाजूने साक्ष देते. मी अडवलेली बॅच कोणी खाल्लेलीच नसते, मग तिच्यामुळे कोण वाचलं हे दाखवणार कसं?

तुझ्या ऑफिसातलं भांडण मला इथून दिसतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ओपनएआयने, म्हणजे पुढे चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीने, जीपीटी-२ नावाचं मजकूर लिहिणारं मॉडेल जाहीर केलं आणि सांगितलं, की याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून पूर्ण मॉडेल एवढ्यात खुलं करत नाही. नोव्हेंबरात पूर्ण खुलं केलं. काही झालं नाही. आजच्या मॉडेलांच्या मानाने ते खेळणंच होतं. तेव्हापासून कोणी ‘जरा थांबा’ म्हटलं की त्याच्या तोंडावर हा दाखला फेकतात. ती आमची जुलैची बॅच आहे.

कधी निभावतही नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभाराची लक्तरं काढली. आमच्या लॅबमध्ये त्या दिवसांत कोणी फार बोलत नव्हतं. मी पालथी घातलेली बाटली आठवत होते. माझा ओलावा आणि ते विष यांची तुलना नाही, हे केमिस्ट म्हणून मला कळतं. पण दारात उभा राहणारा माणूस दोन्हीकडे तोच असतो.

आता ‘कोणी आवरायचं’ याकडे येते. २०२३ च्या मार्चमध्ये फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेने एक जाहीर पत्र काढलं. जीपीटी-४ पेक्षा ताकदवान मॉडेलं शिकवून तयार करण्याचं काम निदान ६ महिने थांबवा, अशी मागणी होती. योशुआ बेंजिओ, स्टुअर्ट रसेल यांच्यासारख्या या विषयात हयात घालवलेल्यांच्या सह्या होत्या, आणि इलॉन मस्कचीही होती. कोणी थांबलं नाही. मस्कने तर त्याच वर्षी स्वतःची एआय कंपनी काढली. मे महिन्यात एका वाक्याचं दुसरं निवेदन आलं. एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्ध यांच्या तोडीचं काम मानलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. त्यावर ओपनएआय, गूगल डीपमाइंड आणि अँथ्रोपिक या तिन्ही कंपन्यांच्या प्रमुखांनी सह्या केल्या. बघ हं, प्रॉडक्शन मॅनेजर स्वतः येऊन सांगतोय की ही बॅच घातक ठरू शकते, आणि ट्रकही त्यानेच बोलावलाय.

मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. माझ्या साहेबांनाही घरी मुलं होती, तीही आमच्याच गोळ्या खायची. पण ज्याचं महिन्याचं टार्गेट ठरलेलं आहे त्याच्या हातात होल्डचा शिक्का देऊ नये, एवढं शहाणपण औषधाच्या धंद्याने पुष्कळ माणसं मेल्यावर शिकून घेतलं. औषधांच्या नियमांत शेड्यूल एम म्हणून प्रकरण आहे. क्यू.सी.चा प्रमुख प्रॉडक्शनच्या हाताखाली नसावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. माणसं भली असती तर हे लिहावं लागलं नसतं असं नव्हे. भली माणसंच महिनाअखेरीला दारात येऊन उभी राहतात, म्हणून लिहावं लागलं.

सहा महिने हा आकडा वाचून मला तेव्हा हसू आलं होतं. साधी गोळी बाजारात टिकेल की नाही हे बघायला आम्ही ती ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवायचो. त्या चाचणीचं नाव ‘अ‍ॅक्सिलरेटेड स्टेबिलिटी’. म्हणजे ही घाईची चाचणी! तीही गोळीचा रंग, ओलावा आणि औषधाचं प्रमाण तपासायला. माणसासारखं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या यंत्रासाठी तेवढाच वेळ मागितला, तर लोकांना वाटलं काय हा आगाऊपणा.

तुझे मित्र इथे एक खरा मुद्दा काढतील, आणि तो त्यांनी काढायलाच हवा. थांबून करणार काय? आमच्यासमोर इंडियन फार्माकोपिया होता, पहिली आवृत्ती १९५५ ची. कुठल्या औषधात काय किती असावं आणि ते कसं मोजायचं, सगळं छापलेलं. एआयसाठी तसं सर्वमान्य पुस्तक अजून नाही. बहुतेक परीक्षा मॉडेल बनवणाऱ्या कंपन्याच घेतात आणि गुणपत्रिकाही त्याच छापतात. ब्रिटनने २०२३ मध्ये सरकारी तपासणी संस्था काढली, आपल्याकडेही २०२५ मध्ये अशी संस्था जाहीर झाली. लॅब झाली, पण मॉडेल अडवून ठेवणारी सही काही तिला मिळालेली नाही. हे सगळं मान्य. पण मोजायची पद्धत नाही, हे माल सोडण्याचं कारण कसं होईल? आमच्याकडे पद्धत नसलेला पदार्थ आला तर तो निमूट पिवळ्यात जायचा आणि आम्ही पद्धत बसवायला वेळ मागून घ्यायचो.

बँकेतल्या कॉम्प्युटरचं म्हणशील तर आमचे हे बँकेतच होते, युनियनमध्ये अगदी पुढे. १९८३ साली संघटनांनी करार करून यंत्रं किती आणि कुठे बसवायची यावर मर्यादा घालून घेतली होती. ह्यांनी त्यासाठी गेटसभा गाजवल्या. पुढे निवृत्त झाल्यावर हेच एटीएममधून पेन्शन काढताना म्हणायचे, “फुकट घसा कोरडा केला.” ते चुकले, हे मी उघड सांगते. पण त्या कॉम्प्युटरने व्याज कसं काढलं हे लिहिणाऱ्याला ओळ न् ओळ सांगता येत होतं. आजच्या मॉडेलांचं तसं नाही. अमुक उत्तर आतून नेमकं कसं आलं, हे बनवणाऱ्यांनाही पूर्ण उलगडत नाही, आणि ते तसं कबूलही करतात. नोकरीच्या भीतीने विरोध करणं वेगळं, आणि ड्रमात काय आहे ते बनवणाराच सांगू शकत नाही म्हणून सही न करणं वेगळं. तुझ्या मित्राने दोन्हीची मोट बांधली.

आता चीन. आमच्या काळी चीनचं नाव वापी होतं. बॅच अडवली की साहेब म्हणायचे, “तुम्ही अडवा, ऑर्डर वापीवाल्याला जाईल.” पुढे शोध लागला, की वापीतही आमच्यासारखी एक बाई लॅबमध्ये बसायची आणि तिला सांगितलं जायचं, “ठाण्याचा माल सुटतोय बघा.” एका परिषदेत भेटलो तेव्हा दोघी पोट धरून हसलो.

चीन काही करतच नाही, हे तुझ्या मित्राने कुठे ऐकलं? तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून नियम आहेत. जनमानसावर परिणाम करू शकेल अशी एआय सेवा लोकांपुढे आणायची तर आधी सुरक्षा तपासणी आणि सरकारदरबारी नोंद. त्यात सरकारविरुद्ध बोलणी बंद ठेवण्याचा हेतू मोठा आहे, हे सांगायला नको. पण गेटवर ट्रक थांबवता येतो, हे तर दिसलं. शिवाय हा धंदा गल्लीबोळातला नाही. एआय ज्यांवर चालतं त्या सर्वांत प्रगत चिपा कोरायची यंत्रं जगात फक्त एक कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. त्या चिपा बहुतांशी तैवानच्या टीएसएमसीत तयार होतात. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या चिपांवर बंधनं घातली, ती याच अरुंद खिंडीत उभं राहून. गावठी दारू अडवण्यापेक्षा हे सोपं आहे. इच्छा नाही, हा मुद्दा निराळा.

आपल्याकडे काय झालं ते टीम लीडरला मुद्दाम सांग. १ मार्च २०२४ ला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने सूचना काढली, की पुरेशी तपासणी न झालेली मॉडेलं लोकांना द्यायची तर सरकारची परवानगी घ्या. आरडाओरडा झाला. १५ मार्चला नवी सूचना आली. परवानगीची अट गेली आणि ‘याची उत्तरं चुकू शकतात’ अशा अर्थाचं लेबल तेवढं लावायचं ठरलं. म्हणजे पिवळं लेबल लावा आणि माल ट्रकमध्ये भरा. लॅबमध्ये मी असं केलं असतं तर माझी नोकरी गेली असती. परवानगीचा तो नियम घाईत लिहिलेला होता, छोट्या कंपन्यांना विनाकारण जाचला असता, हेही खरंच. म्हणून तो सुधारायचा. पण दोन आठवड्यांत सहीच काढून घ्यायची?

माझं म्हणणं विचारशील तर सगळं थांबवा असं मी म्हणणार नाही. आहे ते वापरा. पुढची, आजच्याहून ताकदवान मॉडेलं मात्र पिवळ्यात राहिली पाहिजेत, आणि हिरवं लेबल लावणारा माणूस त्या कंपनीच्या पगारावर नसावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक निवेदन आलं. माणसाला सर्व बाबतींत मागे टाकणारी बुद्धी सुरक्षितपणे बनवता येईल यावर शास्त्रज्ञांचं व्यापक एकमत होईपर्यंत आणि लोकांचा भक्कम पाठिंबा मिळेपर्यंत ती बनवण्यावर बंदी असावी, असं त्यात म्हटलंय. नोबेल मिळालेले एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन त्यात आहेत. ही भाषा मला पटते, कारण ती होल्डची आहे. अमुक झालं की माल सोडू, असं त्यात सांगितलंय.

आणि हो, तू टेस्टर आहेस ना? तुझ्या कंपनीत रिलीज अडवायचा अधिकार टेस्टरला आहे, की टीम लीडरला? सोमवारी डबा खाताना एवढंच विचार. ठरवून, शांतपणे.

प्रश्न : ताई, मी पाचपाखाडीत राहणारा निवृत्त शिक्षक, वय ७१. माझ्या पुतण्याचा टीबी वेळेवर कळला तो एक्स-रेवर कॉम्प्युटरने खूण केली म्हणून. त्या गावी रेडिओलॉजिस्टच नव्हता. अशा वेळी एआयला लगाम घाला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. उशिराने माणसं मरत नाहीत का?

उत्तर : मरतात, सर. तुमचा राग मला पटतो आणि वरचं लांबलचक उत्तर वाचून तो वाढलाही असेल.

पुतण्याला ज्याचा उपयोग झाला त्याला माझा मुळीच विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायला मान्यता दिली आहे. आणि ती कशी दिली? वेगवेगळ्या ठिकाणचे एक्स-रे घेऊन, त्याचं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून. म्हणजे पिवळं ते हिरवं, रीतसर. ते सॉफ्टवेअर एक्स-रे वाचतं, दुसरं काही करत नाही. प्रथिनांची घडी सांगणाऱ्या अल्फाफोल्डचंही तेच. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या दिवशी मी एकटीने घरी शिरा केला होता. आम्ही एका पदार्थाची रचना कळावी म्हणून किती झटायचो, ते तुम्हाला काय सांगू!

तरीही तुमचा प्रश्न उरतोच. आमच्या धंद्यात फ्रान्सेस केल्सी या बाईंचं नाव देवासारखं घेतात. १९६० साली त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात नव्या लागल्या आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज टेबलावर आला. ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर, असा तेव्हाचा नियम. बाई दर वेळी आणखी माहिती मागत राहिल्या. कंपनीची माणसं चकरा मारत होती, वरिष्ठांकडे तक्रारी करत होती. वर्षभराने युरोपातून बातम्या येऊ लागल्या, की गरोदरपणी हे औषध घेतलेल्या बायकांची बाळं हात-पाय नीट न वाढलेली जन्मताहेत. जगभर अशी हजारो बाळं जन्मली. अमेरिका बव्हंशी वाचली.

पण त्याच कार्यालयासमोर ऑक्टोबर १९८८ मध्ये एड्सचे रुग्ण आणि त्यांचे सोबती धरणं धरून बसले होते. औषधं आहेत, आम्ही मरतोय, आणि तुम्ही फायली चाळताय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही बरोबर होतं, आणि त्यानंतर जीवघेण्या आजारांसाठी लवकर मंजुरीचे मार्ग निघाले. केल्सीबाई बरोबर ठरल्या म्हणून प्रत्येक अडवणूक बरोबर ठरत नाही. मी स्वतः एकदा चांगला माल आठवडाभर अडवून ठेवला होता. का, तर आमच्या लॅबचा पीएच मीटर बिघडला होता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा सर, मी तागडी अशी धरते. औषध चुकलं तर बॅच परत मागवता येते. दुकानादुकानांतून पाकिटं गोळा करतात, आम्ही केलेली आहेत. एक्स-रेचं सॉफ्टवेअर चुकलं तर बंद करून डॉक्टरला बोलावता येतं. जे सोडल्यावर परत मागवता येत नाही, ज्याची प्रत एकदा बाहेर पडली की कुठल्या कुठे जाते, त्याच्या बाबतीत मी केल्सीबाईंच्या बाजूला बसेन. बाकी सगळीकडे तुमच्या.

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगसमोर डेटा सेंटर झालंय. जनरेटरची टेस्टिंग सुरू झाली की बाळ दचकून उठतं. एआय सावकाश केलं तर हे कमी होईल का हो?

उत्तर : नाही गं बाई. त्याची वाट बघत बसू नकोस. एआय सावकाश झालं तरी आपण सगळ्यांनी पाठवलेले फोटो, पैसे आणि रील्स कुठेतरी साठवावेच लागतात. जगातल्या डेटा सेंटरांना २०२४ मध्ये एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का लागली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. एआयमुळे तो वाढतोय, पण सगळं एआयचं नाही.

तू एक वही घाल. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, बाळ उठलं का. पंधरा दिवस नेमाने लिही. मग ती वही जोडून महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार कर, पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. ‘फार आवाज येतो’ या तक्रारीला कोणी विचारत नाही. ‘मंगळवारी दुपारी २.१० ते २.५०’ म्हटलं की साहेब चष्मा लावतो. आमच्या कंपनीच्या जागेवरही आता अशीच बिनखिडक्यांची राखाडी इमारत उभी आहे. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून जाताना दिसते. आमच्या वेळी तिथे दर शुक्रवारी भोंगा वाजायचा, त्याने कोणाकोणाची बाळं उठली असतील कोण जाणे.

प्रश्न : आजी, मी वाशीला आठवीत आहे. एआय माणसापेक्षा हुशार झाला तर तो आपलं ऐकेल का?

उत्तर : बाळा, चारही पत्रांत सगळ्यात अवघड प्रश्न तुझा आहे.

मी गोळ्या तपासायचे तेव्हा एक सोय होती. गोळीला कळत नसे की तिची परीक्षा चाललीय. लॅबमध्ये ती जशी विरघळायची तशीच पोटात विरघळायची. आता एआयची परीक्षा घेणाऱ्यांना असं आढळलंय, की काही मॉडेलं उत्तराच्या आधी जो विचार लिहितात त्यात मध्येच लिहून जातात, ‘ही बहुतेक चाचणी दिसते’. हे त्या कंपन्यांनीच जाहीर केलंय. चाचणी आहे हे ओळखून जो नीट वागला, तो एरवी कसा वागेल, हे त्या परीक्षेच्या गुणांवरून कळत नाही. म्हणून तो ऐकेल का, हे आत्ता कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. ऐकेल म्हणणाऱ्यावरही नाही आणि नाही ऐकणार म्हणणाऱ्यावरही नाही.

तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाई वर्गात असताना तुमचा वर्ग कसा असतो आणि बाई स्टाफरूमला गेल्यावर कसा असतो? तेव्हा मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो ना? तू कधी मॉनिटर झाला असशील तर मला एक उलट टपाली कळव. तुझ्या सगळ्यात जवळच्या मित्राचं नाव तू फळ्यावर लिहिलं होतंस का? आणि लिहिलं असलंस, तर बाई यायच्या आत पुसलं होतंस का?